गुड आय

त्या पिक्चरमध्ये नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मोठ्या माणसांच्या बेसबॉल टीममध्ये खेळते. पगारी खेळाडूंची टीम. सगळे दाढीवाले, आडदांड पुरुष, आणि त्यांच्यात ही, गुडघ्याखाली येणारी जर्सी घालून. टीम सतत हरत असते, मालकाचं दिवाळं निघायची वेळ आलेली असते. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की या मुलीला कोणी बॉल टाकूच शकणार नाही. बेसबॉलमध्ये मारणाऱ्याच्या छातीपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून बॉल गेला तरच तो नीट टाकला असं धरतात. मुलीचा तो पट्टा म्हणजे इनमीन वीतभर. चार बॉल बाहेर पडले की मारणारा न मारताच पहिल्या ठाण्यावर चालत जातो, वाइडची रन फुकट मिळते तसा; उलट नीट टाकलेले तीन बॉल सोडले, तर तो बाद. मुलगी बॅट खांद्यावर ठेवून नुसती उभी राहते आणि टीम जिंकायला लागते.

माझ्या मुलीला हा पिक्चर प्रचंड आवडायचा. डीव्हीडी लायब्ररीतून मिळायच्या, त्या दिवसांतली गोष्ट. आम्ही ग्वेल्फला नुकतंच घर घेतलं होतं आणि बेसमेंटमध्ये एक जुना सोफा आणि टीव्ही ठेवला होता. शनिवारी संध्याकाळी ती तोच पिक्चर पुन्हा घेऊन यायची. मी शेजारी बसायचो. अर्ध्यावर मात्र मला उठावं लागायचं, कारण पुण्यात तेव्हा रविवारची सकाळ झालेली असायची आणि माझी आई चहा घेऊन फोनपाशी बसलेली असायची. वर जाऊन मी कॉलिंग कार्डाचे लांबलचक आकडे दाबायचो. आई गुडघ्यांचं सांगायची, खालून मुलीच्या टाळ्या ऐकू यायच्या. खाली येईपर्यंत पडद्यावर नावं सरकत असायची.

“संपला?”

“यू मिस्ड द बेस्ट पार्ट अगेन, बाबा.”

“पुढच्या वेळी बघू.”

“दरवेळी हेच म्हणतोस.”

त्या उन्हाळ्यात तिने बेसबॉलचा हट्ट धरला. गावातल्या मुलांच्या टीम्स होत्या, त्यातल्या एकीत तिला घातलं. टीममध्ये सगळ्यांत बुटकी तीच. हेल्मेट घातलं की मानेवर एखादं भांडं पालथं घातल्यासारखी दिसायची. पहिल्याच मॅचमध्ये तिने इतक्या जोरात बॅट फिरवली की स्वतःभोवती गिरकी घेऊन धुळीत बसली. बॉल केव्हाच मागे गेला होता. सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, हे मला आता कळतं. घडीच्या खुर्च्या टाकून, हातात कॉफी घेऊन बसलेले आईबाप, आपली मुलंही अशीच पडतात हे ठाऊक असलेले. ती स्वतःसुद्धा हसली. धूळ झटकून परत उभी राहिली.

मी नाही हसलो. माझे कान तापले.

त्याचं कारण तिच्याशी संबंधित नव्हतं. इथे नोकरी लागल्यावर पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये मी एका व्हॉल्व्हबद्दल बोलत होतो. माझ्या उच्चारामुळे एकाला ‘वॉल’ ऐकू आलं. “विच वॉल?” त्याने निरागसपणे विचारलं, आणि टेबलाभोवती हशा पिकला. त्यानंतर मी मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोललो नाही. कंपनीत दोनदा माणसं कमी केली, तेव्हा मोठ्याने बोलणारे गेले, मी राहिलो. तेव्हापासून मी असाच जगत होतो. समोरून येईल ते जाऊ द्यायचं.

घरी येताना गाडीत मी मुलीला म्हटलं, “तुझ्या पिक्चरमधल्यासारखं करू या का? मारायचंच नाही. नुसती उभी राहा. तू एवढीशी, तुला कोण बॉल टाकणार?”

ती खूश झाली. “लाइक इन द मूव्ही?”

“अगदी तस्सं.”

माझी बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, “अहो, मारू द्या की तिला. पडली तर पडली. तुमचं ऑफिसातलं धोरण पोरीला कशाला?”

“तुला क्रिकेटमधलं तरी काही कळतं का? बॉल सोडणं ही कला आहे.”

“हो का? मग सोडा. सगळंच सोडा.”

युक्ती चालली. समोरची मुलंही नऊ-दहा वर्षांचीच, त्यांचे बॉल कुठेही जायचे. माझी मुलगी बॅट खांद्यावर ठेवून उभी राहायची, आणि एकेक बॉल बाहेर गेला की खुर्च्यांवरून आरोळी यायची, “गुड आय!” म्हणजे नजर चांगली आहे, बरोबर सोडलास. इथे मारण्याबद्दल शाबासकी देतात तशी न मारण्याबद्दलही देतात, हे मला फार भावलं. चार बॉल झाले की ती चालत पहिल्या ठाण्यावर जायची. माझ्या शेजारचा एक बाप माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “युअर किड इज अ जीनियस.” मी त्या खुर्च्यांच्या रांगेत खुर्ची टाकायला लागलो. सगळ्यांसाठी कॉफी न्यायला लागलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या लोकांत बसून मी हसलो असेन.

ती मात्र दर मॅचला उभी राहण्याआधी मैदानाच्या जाळीतून माझ्याकडे बघायची. मी हलकेच मान हलवायचो: नाही, मारू नकोस. ती समोर वळायची. मला वाटायचं, किती शहाणी, विचारून करते.

शेवटच्या मॅचला शेवटची पाळी तिच्यावर आली. बॉल टाकणारा मुलगा चांगला होता, सरळ टाकत होता. कोचने ओरडून सांगितलं, “यू कॅन स्विंग, स्वीटहार्ट!” पहिला बॉल बरोबर मधून गेला. तिने बॅट हलवली नाही. दुसराही तसाच. तिने जाळीकडे पाहिलं. मी मान हलवली. तिसरा बॉल आला, सावकाश, सरळ, कोणालाही मारता यावा असा. ती उभीच राहिली. अंपायरने हात वर केला. मॅच संपली.

या वेळी कोणी हसलं नाही. एक बाई हळूच म्हणाली, “पुअर थिंग.” मी खुर्ची घडी करायला लागलो.

तिने त्यानंतर तो पिक्चर आणला नाही. बेसबॉलचंही नाव काढलं नाही. काही आठवड्यांनी, मायलेकी ग्रोसरीला गेल्या असताना, मी लायब्ररीतून ती डीव्हीडी आणली आणि एकटाच शेवटपर्यंत पाहिली.

शेवटी काय होतं, ते त्या टाळ्यांवरून मला कळायला हवं होतं. शेवटच्या मॅचमध्ये मुलगी बॅट खांद्यावर ठेवून उभी असते. सगळ्यांना वाटतं, आता ही फुकट चालत जाणार. तेवढ्यात त्या टीमचा म्हातारा, खडूस कोच डोक्यावरची टोपी काढतो आणि तिच्याकडे बघून होकारार्थी मान हलवतो. मार. आणि ती मारते. अख्खा पिक्चर त्या एका मानेसाठी असतो. पिक्चरमधली मुलगी इतका वेळ नुसती उभी राहत होती ती त्यासाठी.

माझ्या मुलीने तो शेवट कितीदा पाहिला होता. त्या सबंध उन्हाळ्यात ती माझ्याकडे परवानगी मागायला बघत नव्हती. मी टोपी कधी काढतो, याची वाट बघत होती.

डीव्हीडी मी लायब्ररीबाहेरच्या परतीच्या पेटीत टाकून आलो. तिला काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, नंतरही नाही. ती मोठी होत गेली, शहाणी, शांत, शिक्षकांची लाडकी. वर्गात हात वर करत नाही, एवढीच तक्रार यायची. मी ती तक्रार वाचून झोपायला जायचो, आणि स्वप्नात ती जाळीपलीकडे उभी असायची, माझ्याकडे बघत. मी मान हलवायचो. दरवेळी आडवी.

आता ती सस्काटूनला युनिव्हर्सिटीत आहे. या ख्रिसमसच्या सुट्टीनंतर मी तिला विमानतळावर सोडायला निघालो. बर्फ भुरभुरत होता, गाड्या सावकाश चालल्या होत्या. गाडीत एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल, मी सगळं सांगून टाकलं. पिक्चर, शेवट न पाहणं, नंतर पाहणं, गप्प बसणं. म्हटलं, “शेवटच्या बॉलला तू बघितलंस आणि मी नाही म्हणालो. माझं चुकलं.”

मला वाटलं ती म्हणेल, इट्स ओके, बाबा. मुलं म्हणतात तसं.

“तू नाही म्हणाला नव्हतास,” ती म्हणाली.

“म्हणालो, अगं. मान हलवली मी. मला आठवतंय.”

“नो. आधीच्या मॅचेसना हलवायचास. त्या दिवशी नाही. यू वेरंट लुकिंग अ‍ॅट मी, बाबा. तू त्या लोकांकडे बघत होतास. खुर्च्यांवरच्या.”

“मग तू मारला का नाहीस?”

“मी थांबले होते,” ती म्हणाली. “तू बघशील म्हणून.”

विमानतळ आला. उतरताना तिने मला नेहमीसारखी मिठी मारली, आईला पराठ्यांबद्दल थँक्यू सांग म्हणाली आणि बॅग ओढत आत गेली.

परतताना मी तो शेवटचा बॉल पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. निळ्या खुर्चीतला तो पाठीवर थाप मारणारा बाप आठवतो, त्याच्या कपावरचं झाकण दाताने चावलेलं होतं. पुअर थिंग म्हणणाऱ्या बाईची गवती टोपी आठवते. तिच्या शेजारचा माणूस घड्याळात बघत होता. सगळी रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ दिसते. हेल्मेटखाली तिचा चेहरा कसा होता, ते मला आठवत नाही.