नारळ फोडून चालू केलेला राउटर

आमच्या नंदुरबारच्या ऑफिसात मला हुशार समजतात. हा गैरसमज मी मोठ्या कष्टाने जपलाय. त्यामुळेच ते काम माझ्या गळ्यात पडलं. सातपुड्यातल्या आरोग्यकेंद्रांत नवे राउटर बसणार होते आणि कोणी इंजिनीअर वर न जाता ते आपोआप सुरू व्हायला हवे होते. वीज आणि तार मिळाली, की राउटरने आमच्या सर्व्हरला विचारायचं, मी कोण? सर्व्हरने त्याचा नंबर बघून त्याला नेटवर्कवरचा पत्ता द्यायचा.

सर्व्हर अजून अर्धाकच्चा होता. चाचणीपुरता मी तळोद्याच्या दवाखान्याचा चालू पत्ता उचलून त्यात टाकला. अनोळखी राउटर आला तर त्याला हाच मिळणार. पण येतोय कोण? खोकी जीपने वर गेली होती खरी, मात्र माझा फोन येईपर्यंत हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं.

दुपारी डबा खाऊन बसतो तोच वरच्या केंद्रातल्या सिस्टरचा फोन. बाई म्हसावदच्या, आवाज खणखणीत.

"भाऊ, पूजा करी, नारय फोडं, हिरवा दिवाबी लागी ग्या!"

"सिस्टर, मन्हा फोन येवावर लावानं व्हतं ना!"

"तुन्हा फोनकरता मुहूर्त थांबी ऱ्हाई का?" हसत त्यांनी फोन ठेवला.

नवं यंत्र आलं की आमच्याकडे आधी पूजा होते, आणि पूजा झालेलं यंत्र कोणी बंद ठेवत नाही. इथेच वाढलेल्या मला हे सुचू नये? हिरवा दिवा म्हणजे पत्ता मिळाला. तळोद्याचा! आता एकाच पत्त्यावर दोन राउटर भांडत होते, म्हणजे दोन्हीकडची लाईन अडखळणार.

तेवढ्यात तळोद्याचे डॉक्टर फोनवर. नुकतंच जन्मलेलं बाळ श्वास घेत नव्हतं आणि इथले, नंदुरबारचे बालरोगतज्ज्ञ व्हिडिओवर बघून त्यांना एकेक गोष्ट सांगत होते.

"पडदा गोठलाय हो! बाळ निळं पडतंय, काहीतरी करा!"

तो फोन कानाशी धरूनच ऑफिसच्या फोनवरून सिस्टरला लावला. लागेना. रेंजसाठी त्या टेकडीवर चढतात. आता उतरल्या असणार. मग कॉम्प्युटरवरून डोंगराकडची लाईन बंद करायला गेलो, आणि घाईत बंद केली आमच्याच ऑफिसची. स्क्रीन कोरी.

तारांच्या कपाटाकडे धावलो. डोंगराकडची तार कोणती, हे एरवी झोपेत सांगितलं असतं. त्या क्षणी सगळ्या सारख्या दिसत होत्या. चुकीची उपटली तर? डोळे बारीक करून तारेवरची नावाची पट्टी वाचली, पुन्हा वाचली आणि ओढली.

फोनमध्ये कोणीतरी म्हणालं, "पडद्यावर सर दिसताहेत." मग नुसती भांड्यांची खडखड. मी श्वास रोखून उभा, जणू माझ्या वाट्याचा तिकडे जाणार होता.

शेवटी एक बारीक, चिडका टाहो ऐकू आला.

"लाईन अशीच राहू द्या," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "कशालाही हात लावू नका."

"नाही लावत," मी म्हणालो, आणि तार मुठीत धरून तिथेच फरशीवर बसलो. उठायचीसुद्धा भीती वाटत होती.