चिंतामणरावांनी गंगाफळ सोडलं

अमडापूरचे चिंतामणराव चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. चिखली-खामगाव गाडीवर त्यांनी तिकिटांपेक्षा विनोदच जास्त वाटले, असं लोक सांगतात. गाडी बंद पडली की हा माणूस दारात उभा राहून असं काही बोलायचा, की प्रवासी चिडायचं विसरून जात. खोटं कशाला सांगू, अजून चिडणारेही असायचे.

सगळी नोकरी प्रवासात गेली, पण स्वतःचं तिकीट काढून हा गृहस्थ खामगावच्या फार पलीकडे कधी गेला नव्हता. काशीची हौस त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोची, शारदाबाईंची. दोघांचं आरक्षण झालं, बॅगा भरल्या, आणि ऐन वेळी बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. घाटाच्या पायऱ्या विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाई एक दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बॅगेतली लुगडी कपाटात परत ठेवली आणि म्हणाल्या, "तुमी एकटे जा. पन साखर सोडून या. दुसरं काई नको मले."

चिंतामणरावांच्या चहात चार चमचे साखर असायची आणि रक्तात तर विचारूच नका. आता डोळ्यांवरही परिणाम दिसू लागला होता. डॉक्टर सांगून थकले, बाई रडून थकल्या. शेवटचा उपाय काशीचा. काशीला गेलेल्या माणसानं आवडीची एक वस्तू गंगेत सोडायची, म्हणजे पुढं जन्मभर ती खायची नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. डॉक्टरला न जुमानणारा नवरा गंगेला तरी घाबरेल, अशी बाईंची आशा.

"सोडतो न," चिंतामणराव म्हणाले. काय सोडतो, ते मात्र म्हणाले नाहीत.

कारण त्यांचं मनात आधीच ठरलं होतं. ते गंगाफळ सोडणार होते. पुण्याचे लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात, त्याला आमच्याकडे गंगाफळ म्हणतात. चिंतामणरावांना लहानपणापासून त्याचा वासदेखील सहन होत नसे, आणि शारदाबाईंनी छपरावर चढवलेला वेल दरसाल डझनानं गंगाफळं द्यायचा. म्हणजे गंगेचा मान राहणार, चहा गोड राहणार आणि वर भाजीची कटकट जाणार. या लबाडीवर ते भुसावळपर्यंत एकटेच हसत होते.

पुढं वाराणसीच्या गाडीत बसले, पण बसले म्हणायचं आपलं. प्रत्येक स्टेशनला हे दारात उभे! "चला, मधात सरका, मधात जागा हाय!" एका भल्या माणसानं तर त्यांच्या हातात आपलं तिकीट तपासायला दिलं. चिंतामणरावांनी ते तपासलंही. काशीत नावेत बसल्यावर त्यांनी सवयीनं सगळ्यांची डोकी मोजली आणि बोटातल्या अंगठीनं काठावर दोनदा टकटक केलं. नावाड्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मुकाट्यानं वल्हं मारलं.

मग घाटावर स्नान. पाणी असं गार, की पहिल्या बुडीला तोंडातून देवाचं नाव निघायच्या ऐवजी "शारदे!" निघालं.

ओल्या अंगानं ते एका म्हाताऱ्या पंड्यापुढं बसले. पंड्यानं ओंजळीत पाणी दिलं आणि विचारलं, "क्या त्याग करेंगे, यजमान?"

"गंगाफल," चिंतामणराव ठणठणीत आवाजात म्हणाले.

पंड्याचा हात थांबला. "गंगा का फल? पूरा?"

"पूरा. आधा रखके क्या करेगा? बीज बी नहीं मंगता. छिलके समेत छोडा!"

पंड्या जवळ सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, "किसके नाम?"

भोपळा सोडताना कोणाचं नाव कशाला लागतं, हे काही चिंतामणरावांना कळलं नाही. पण वेल ज्याचा, नाव त्याचं, असं धरून ते म्हणाले, "शारदा के नाम. बेल उसकीच है."

मंत्र झाले. मंत्रात शारदेचं नाव आलं, ओंजळ रिकामी झाली, आणि तो म्हातारा पंड्या उठून यांनाच हात जोडू लागला. "चालीस साल से बैठा हूँ यहाँ. लोग बैंगन छोड़ते हैं, करेला छोड़ते हैं. गंगास्नान का सारा फल, सारा पुण्य पत्नी को देकर खाली हाथ जानेवाला आज पहली बार देखा."

शेजारच्या दोन बायका लगेच चिंतामणरावांच्या पाया पडल्या.

आत्ता डोक्यात प्रकाश पडला! अहो पंडितजी, भाजी, भाजी म्हणत होतो मी, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्याऐवजी विचारलं ते भलतंच. "मतलब, उसको काशी हो गई?"

"हो गई. वहीं बैठे-बैठे."

चिंतामणरावांना कपाटात परत गेलेली लुगडी आठवली. त्यांना इतका आनंद झाला की रडू आलं, आणि आनंदाबरोबर लाजही वाटली. बाईनं एक साखर मागितली होती, आणि आपण तिला भोपळ्यावर फसवायला निघालो होतो.

वर गल्लीत चहाची टपरी होती. ओळखीचं कोणी बघत नव्हतं. "बिना शक्कर," ते म्हणाले, आणि पहिल्या घोटाला त्यांचं तोंड असं झालं की चहावाल्यानं विचारलं, तबियत तो ठीक है?

घरी आल्यावर त्यांनी शारदाबाईंना सगळं खरं खरं सांगितलं. बाईंनी त्यातलं एक अक्षर मानलं नाही. "चौतीस वर्सं लोकाइले हसवलं, आता मले काऊन बनवून राह्यले?" म्हणत त्यांनी नेहमीसारखा चहा केला, रागारागानं चार चमचे घातले आणि कप पुढं आपटला.

चिंतामणरावांनी कप बाजूला सारला. "बिनसाखरेचा दे. तिकडूनच पेत आलो."

हा माणूस थट्टेसाठी काहीही करेल, पण फिका चहा पिणार नाही, एवढं बाईंना ठाऊक होतं. त्या हळूच खाली बसल्या.

"म्हंजे मले खरंच काशी घडली?"

"हाव. पुरी."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. बराच वेळ पुसले. मग एकदम काहीतरी सुचून त्यांनी मान वर केली. "पन तुमी गंगेचं फळ सोडलं न? भाजी तं नाई सोडली?"

संध्याकाळी ताटात गंगाफळाची भाजी होती. सालासकट.