मे म्हणजे कदाचित

"कदाचित म्हणालास तू. हाच शब्द. याच ओसरीवर बसून म्हणालास, दादा!"

"मंग? मे म्हणजे कदाचितच. व्याकरण उघडून बघ. इट मे रेन, कदाचित पाऊस पडेल. माझं काय चुकलं?"

"पावसाचं नको सांगू मला. डॉक्टरीणबाई पावसाबद्दल नव्हत्या बोलत, माझ्याबद्दल बोलत होत्या!"

शरयूनं भाजीची पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. बाजारातून ती जवळजवळ पळतच आली होती. पदर खांद्यावरून घसरलेला, कपाळावर घामाच्या धारा. समोर तिचा थोरला भाऊ गिरिधर झोपाळ्यावर बसलेला, एक पाय जमिनीला लावून. झोपाळा हलत नव्हता.

"आवाज खाली," तो म्हणाला. "शेजारी ऐकून राह्यलेत."

"ऐकू देत! त्यांनाही कळू दे मे म्हणजे काय ते!"

नवरा विषमज्वरात गेला तेव्हा शरयू परतूरहून जालन्याला भावाकडं आली. त्याच्या आजारपणात अंग पुसणं, ताप बघणं, औषध वेळेवर पाजणं हे सगळं तिनं एकटीनं केलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, दवाखान्यात काम करायचं. पण बोलणार कुणाशी? इथं तिच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं, आणि रोज संध्याकाळी इंग्रजी.

इंग्रजी आलं ते गिरिधरमुळं. तहसील कचेरीत त्याचा जन्म उर्दूत गेला होता. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, साहेब बदलले, कागदांची भाषा बदलली आणि चाळिशीच्या गिरिधरला व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसावं लागलं. कचेरीत साहेबासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. मग दिवसभर तुंबलेलं सगळं इंग्रजी घरातल्या बायकांवर रिकामं व्हायचं.

त्याची बायको द्वारकाबाई चहा घेऊन आली की तो तिला उंबऱ्याशी थांबवायचा. "काय म्हणायचं?"

"मे आय कमीन."

"कमीन न्हाई, कम इन!"

"तेच की हो. कमीनच म्हणून राह्यले मी तुम्हाला," असं म्हणून द्वारकाबाई तोंडाला पदर लावायची.

शरयू मात्र मन लावून शिकायची. "कॅन आय गो टू द टेंपल?" तिनं एकदा विचारलं, तेव्हा गिरिधर केवढा उसळला होता!

"कॅन म्हणजे अंगात ताकद. पाय आहेत, चालता येतं, हे मला माहीत आहे. पण जायचं तर परवानगी लागते. मे! बाईमाणसानं मे म्हणावं. आणि मोठ्यांनी यू मे म्हटलं, की मंगच उंबरा ओलांडावा."

आज तोच गिरिधर मे म्हणजे कदाचित म्हणत होता.

गावात मद्रासकडच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला. त्यांना मदतीला बाई हवी होती. शरयू हट्टाला पेटली. "आपल्या घरातली बाई नोकरी मागत फिरणार न्हाई, मी विचारून येतो," असं म्हणून गिरिधर गेला आणि परत येऊन म्हणाला, "शी मे कम म्हणाल्या. म्हणजे कदाचित घेतील. बघू." शरयू वाट बघत राहिली. सोमवार येत होते आणि जात होते.

आणि आज बाजारात टांगेवाल्यानं ही गिरिधरची बहीण म्हणून दाखवली, तेव्हा टांगा थांबवून त्याच बाईंनी विचारलं, व्हाय डिड यू नॉट कम? मी तर तुझ्या भावाला म्हटलं होतं, शी मे कम फ्रॉम मंडे. तो म्हणाला, शी कॅनॉट. उद्या मी दुसरी बाई ठेवतेय. यायचं असेल तर आज ये, संध्याकाळचे पेशंट सुरू व्हायच्या आत.

"शी कॅनॉट?" शरयूनं पिशवी झोपाळ्यावर आदळली. दोन वांगी घरंगळून गिरिधरच्या मांडीला लागली. "कॅन म्हणजे ताकद ना? मला काय हातपाय न्हाईत? लुळी आहे मी?"

"तसा अर्थ न्हाई होत प्रत्येक ठिकाणी..."

"मंग कुठं कुठं होतो? तुझ्या सोयीनं होतो का? मी मागितलं की मे म्हणजे परवानगी, आणि मला मिळालं की मे म्हणजे कदाचित! तिकडं कॅनॉट, इकडं कदाचित. दोन्हीकडं बराबर कुलूप लावलंस!"

द्वारकाबाई आतून दारात आली होती. हात पिठाचे. "वन्सं, कणीक भिजवून ठेवलीय. पोळ्या..."

"तू तरी खरं बोल की, वहिनी! तुला ठाऊक होतं?"

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तिनं हातावरचं पीठ चोळलं आणि म्हणाली, "पोळ्या मी लाटते."

गिरिधर उठला. "अगं, कुणाकुणाच्या जखमा धुशील? कुणाकुणाला शिवशील? लोक काय म्हणतील, गिरिधरला एक बहीण पोसवत न्हाई! कचेरीत तोंड कसं दाखवू?"

"नवऱ्याची घाण काढली तेव्हा कुणी काही न्हाई म्हणालं! तेव्हा मला सगळं जमत होतं. तेव्हा शी कॅन होती मी!"

तिनं पदर खोचला. कोपऱ्यातल्या चपला पायांनीच पुढं ओढल्या.

"शरू, थांब." तो दारात आडवा आला. मग त्याचं त्यालाच काही वाटलं असावं, तो जरा बाजूला झाला. "मी अडवत न्हाई. जा म्हणतो ना. पण विचारून जा. एवढं शिकवलं मी तुला. एकदा मे आय गो म्हण. मी लगेच यू मे म्हणतो. बिलकुल म्हणतो."

शरयू चपलेचा अंगठा सरळ करत होती.

"नुसतं विचार. माझा मान राहील."

शरयू पायऱ्या उतरली.

"शरू! मे आय..." त्यानं सुरुवात करून दिली, जशी रोज संध्याकाळी द्यायचा, आणि पुढच्या शब्दासाठी थांबला.

फाटक उघडं टाकून ती दवाखान्याच्या दिशेनं वळली होती.