टाचणीची खुशाली

सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या त्या कारागिराला सगळी गल्ली धाकटा म्हणायची. पन्नाशी उलटली, कानामागचे केस पिकले, तरी धाकटाच. त्याची थोरली बहीण त्याला तशी हाक मारायची, आणि तिचा आवाज इतका खणखणीत की माडीवरून दिलेली हाक गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. लोकांनी तेच नाव उचललं. गिऱ्हाइकंसुद्धा बिचकत बिचकत "धाकटे, माझी खुर्ची झाली का?" असं विचारायची.

खाली दुकान होतं आणि वर दोन खोल्या. दुकानात नेहमी दोन-चार खुर्च्या उघड्यावाघड्या पडलेल्या असायच्या, स्प्रिंगा बाहेर आणि काथ्या खाली सांडलेला. धाकटा त्यांच्यामधे बैठक मारून बसायचा. बारीक खिळे, म्हणजे चुका, तो मूठभर तोंडात धरायचा आणि एकेक जिभेने पुढे सरकवून हातोडीने ठोकायचा. तोंड असं भरलेलं असल्यामुळे दिवसभर कुणी काही विचारलं तरी तो 'हं' नाही तर 'अंहं' एवढंच बोलायचा. ताई म्हणायची, "बोलायचं नसलं की हा चुका तोंडात टाकतो."

आई गेली तेव्हा तो शाळेत होता. ताईनेच त्याचे डबे भरले, त्याच्या तापात रात्री जागून काढल्या, मार दिला आणि लाडही केले. मग तिचं लग्न झालं. नवरा लवकर गेला तशी ती लहानग्या लेकीला कडेवर घेऊन परत आली, आणि कोपऱ्यातल्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवायला बसली. शिवण तिची, कापड चढवायचं काम त्याचं. धाकट्याचं लग्न मात्र राहूनच गेलं. भाची मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, तिथेच तिने लग्न केलं. घरात उरली ही दोघं भावंडं आणि दोन मांजरं.

मांजरं ताईची. त्यांच्याशी आपला काही संबंध नाही, असं धाकटा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पहिला कापूस. तो एका जुन्या सोफ्यातूनच निघाला होता. धाकट्याने सोफ्याच्या बुडाचं कापड टरकन फाडलं, तर आत पांढरं स्वच्छ पिल्लू अंगाची जुडी करून झोपलेलं. सोफ्याच्या मालकाने हात वर केले, आणि ताईने पदर पुढे केला. कापूस वाढत वाढत उशीएवढा झाला. शेजारी हातोडी चालू असली तरी त्याचा कान हलायचा नाही, पण कुणी कागदाची पुडी उलगडली की तो माडीवरून धावत यायचा. भांड्यातलं पाणी त्याला चालत नसे. मोरीच्या गळक्या नळाखाली डोकं घालून, कपाळ ओलं करून घेत तो पाणी प्यायचा, आणि मग आपल्याला कुणी भिजवलं म्हणून सगळ्यांकडे रागाने बघायचा.

दुसरी टाचणी. ही कौलांवरून आपण होऊन आली. करडी आणि शेलाटी, नावाला शोभेल अशी टोकदार. हिने मात्र धाकट्याला जेरीस आणलं. रेक्झिनकडे ती ढुंकूनही बघायची नाही. मखमल दिसली की पुढचे दोन्ही पाय रोवून, डोळे मिटून, अशी काही नखं चालवायची की धागे सुटून यायचे. कापडावर खडूने माप आखायला घेतलं की नेमकी त्याच मापावर येऊन बसायची. उठवली की पोटाला खडूच्या रेघा घेऊन माडीवर जायची. सुतळीचं रीळ पळवायची. शेवटी तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर जुनी चादर बांधून ठेवायची पाळी आली. "माझ्या धंद्यावर उठलीय तुझी लाडकी," तो म्हणायचा. ताई टाचणीला मांडीवर घेऊन म्हणायची, "ती तुझं काम तपासते रे. पक्कं बसलंय का बघते." टाचणी फक्त ताईच्या मांडीवर बसायची. धाकट्याने हात लावला की पाठ फिरवायची.

मग भाचीला जुळ्या मुली झाल्या. ताईने सहा महिन्यांचं म्हणून बॅग भरली. निघताना भावाला काय काय सांगितलं, त्यातलं निम्मं मांजरांबद्दल होतं. कापसाला पोट भरल्याचं कळत नाही, टाचणीला मासा काटे काढून द्यायचा, दोघांना वेगवेगळ्या ताटल्या. धाकटा 'हं' म्हणत राहिला.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, मग आणखी एक. जुळ्या चालायला लागल्या, भाची पुन्हा नोकरीवर जायला लागली, आणि ताईचं येणं लांबतच गेलं. कुणी काही मुद्दाम ठरवलं नव्हतं. शिवणाचं काम धाकटा आता पलीकडच्या शिंप्याकडे द्यायचा. कोपऱ्यातल्या मशीनवर टाचणी बसून असायची आणि दाराकडे तोंड करून पुढचे पाय चाटायची.

रविवारी संध्याकाळी ताईचा फोन यायचा. धाकट्याचा फोन साधा, बटणांचा. तो स्पीकर लावून टेबलावर ठेवायचा. ताईचा आवाज आला की टाचणी असेल तिथून यायची, फोनला कपाळ घासायची, आणि मग फोनच्या मागे जाऊन बघायची. तिथे कुणी नसायचं. परत पुढे यायची. धाकटा हे काही ताईला सांगायचा नाही. तो सांगायचा तक्रारी. तुझ्या बाईसाहेबांनी डॉक्टरांच्या खुर्चीचा हात उसवला. तुझ्या बाईसाहेब आज माझ्या जेवणाच्या ताटात पाय घालून गेल्या. ताई पोट धरून हसायची, आणखी काय केलं म्हणून विचारायची, आणि तो आणखी सांगायचा. तू ये आणि सांभाळ तुझी मांजरं, असं शेवटी दरवेळी म्हणायचा. 'तू ये' एवढंच म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

तिसऱ्या वर्षी टाचणी खाईनाशी झाली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, म्हातारी झालीय, मूत्रपिंडं थकलीत, आता फार काही करता येणार नाही. धाकट्याने दुकानातली सगळ्यात मऊ मखमल काढली, हिरवी, आणि मशीनशेजारी घडी करून पसरली. म्हणाला, "घे, काय ओरबाडायचं ते ओरबाड." तिने पंजा ठेवला, पण नखं बाहेर आली नाहीत. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा त्याच्या मांडीवर झोपली. त्याने तोंडातल्या चुका डबीत काढून ठेवल्या आणि कामाला हातच लावला नाही. ती गेली दुपारी, ऊन दारातून मशीनपर्यंत आलेलं असताना. मागच्या अंगणात त्याने तिला मखमलीसकट पुरलं.

रविवारी ताईला सांगायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पण त्या रविवारी ताईचाच आवाज बसलेला होता. जुळ्यांपैकी एक तापाने फणफणली होती, भाची दमलेली, जावयाशी कशावरून तरी बोलाचाली झालेली. ताई म्हणाली, "मला इथलं काही सांगायचं नाही रे. तू तिथलं सांग. टाचणी काय म्हणतेय?"

धाकट्याने फोनकडे बघितलं. फोनच्या मागे आज कुणी जाऊन बघत नव्हतं. "मजेत आहे," तो म्हणाला. "मशीनवर बसलीय."

एकदा बोलला आणि मग माघार घेता येईना. दर रविवारी ताई विचारायची आणि तो सांगायचा. टाचणी हल्ली खिडकीत बसून चिमण्या बघते. टाचणी आता माझ्या मांडीवर येते. टाचणीने परवा अख्खा मासा संपवला. सोमवारपासूनच तो पुढच्या रविवारी काय सांगायचं ते जुळवायला लागायचा, आणि खुर्चीचा पट्टा ताणताना मधेच थांबून स्वतःशी हसायचा. कापूस हे सगळं फोमच्या तुकड्यांवर पडून ऐकायचा. टाचणी गेल्यापासून तो दुपारी मशीनखाली जाऊन झोपायला लागला होता, आणि कधी कधी तिची ताटली हुंगून, तोंड न लावता परत यायचा. ती ताटली काही धाकट्याने आवरली नव्हती.

असे कितीतरी रविवार गेले. मग एकदा ताईने सांगितलं की जुळ्या आता शाळेत जातात, तीन आठवड्यांसाठी येतेय. धाकट्याला आनंदाने काही सुचेना, आणि लगेचच नजर टाचणीच्या न आवरलेल्या ताटलीवर गेली.

तो तिला आणायला बसस्टँडवर गेला. ताई वाळली होती. बॅग मात्र त्याच्या हातात द्यायला तयार नव्हती. रिक्षात ती जुळ्यांच्या गोष्टी सांगत होती आणि तो 'हं' म्हणत होता. दुकानासमोर उतरल्यावर तिने आधी पाटीकडे बघितलं, मग मशीनकडे. कापूस येऊन तिच्या चपला हुंगून गेला. ओळखलं की नाही ते काही त्याने कळू दिलं नाही. ताईने तोंड धुतलं, चहा टाकला, दोन कप भरले आणि समोर बसली. टाचणीचं नावसुद्धा काढलं नाही तिने.

धाकट्याला ते सहन होईना. "ताई," तो म्हणाला, "टाचणी..."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"तूच." ताईने कप खाली ठेवला. "इतकी वर्षं तू तिला शिव्या घालत आलास. आणि एका रविवारी म्हणालास, मजेत आहे. मग तिने काही फाडलं नाही, काही सांडलं नाही, कुणाला ओरबाडलं नाही. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

कळलं त्या रात्री लेकीच्या घरी न्हाणीघरात नळ सोडून बसले होते, एवढं तिने सांगितलं. मांजरासाठी रडतेय हे तिथे कुणाला सांगणार? मग पदराने कप पुसत म्हणाली, "तू छान सांगायचास. मला रविवारची वाट बघावीशी वाटायची."

धाकट्याचा हात सवयीने चुकांच्या डबीकडे गेला आणि परत आला. त्याने तिला मागे अंगणात नेलं, जागा दाखवली. हिरव्या मखमलीचं सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "केवढ्याची मखमल ती. वेडा आहेस." आणि त्याचा दंड धरून उभी राहिली. मग एकेक गोष्ट ती उकरून काढायला लागली. चिमण्यांचं खरं होतं का? नव्हतं. माशाचं? तेही नाही. मांडीवर यायची ते? "ते खरं," धाकटा म्हणाला. "शेवटी शेवटी." ताईने मान हलवली.

ते तीन आठवडे मशीन रोज चाललं. शिंप्याकडे गेलेले अभ्रे ताईने परत मागवले, त्याच्या शिवणीला नावं ठेवली आणि उसवून पुन्हा शिवले. चौथ्या दिवशी कापूस तिच्या मांडीवर चढला आणि मावेना म्हणून अर्धा खाली लोंबत राहिला. गल्लीला बऱ्याच दिवसांनी माडीवरून हाक ऐकू आली. पलीकडचा शिंपीसुद्धा बाहेर येऊन हसला.

जायच्या आदल्या दिवशी धाकटा एका मोठ्या सोफ्यावर कापड चढवत होता. ताई दुसऱ्या बाजूने कापड ताणून धरत होती. त्याने तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या.

"ताई, राहा ना इथेच."

ताईने कापड सोडलं नाही. मुली अजून लहान आहेत, ती म्हणाली, शाळेतून आल्या की दारात मी लागते. मग म्हणाली, "आधी का नाही रे म्हणालास कधी?"

"म्हणत होतो की दर रविवारी."

"हो. मांजरं सांभाळायला ये म्हणायचास," ताई म्हणाली. "कापड सरळ घे, माझ्या बाजूला तिरकं जातंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुटली. ताईने खिडकीतून हात हलवला नाही, फक्त काचेला तळहात लावून ठेवला. पुन्हा कधी येणार ते तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. परत येताना तो नेहमीपेक्षा लांबच्या रस्त्याने चालत आला.

दुकान उघडलं तर कापूस त्या नव्या सोफ्याच्या मधोमध पसरला होता. चादर बांधायची राहून गेली होती. सोफा संध्याकाळी द्यायचा होता आणि पाठीचा कडेचा भाग अजून बाकी होता. धाकटा वाकून त्याला उचलायला गेला, मग तसाच थांबला. जमिनीवर गुडघे टेकून त्याने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली, हातोडी जपून, हलक्या हाताने.

गिऱ्हाईक आलं तेव्हा दिवे लागले होते. "धाकटे, झाला का सोफा?"

"अंहं," धाकटा म्हणाला. मग चुका तोंडातून काढून, नीट बोलला. "एवढी बाजू राहिलीय. तो उठला की करतो. उद्या या."