भित्रे मामा आणि निमोण्याचं वावर

ग्लायडर उडवायला शिकवणारा माणूस शिकाऊला धीर देत असेल, असं मला वाटायचं. आम्हाला शिकवणाऱ्या मामांचं उलटं होतं. मागच्या सीटवर पट्टे आवळता आवळता ते मोठ्यांदा म्हणायचे, "मला भ्या वाटतंय बरं का. तुला?" दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेला हा उंच, जरा वाकलेला माणूस. आम्ही शिकाऊ पाठीमागं त्यांना 'भित्रे मामा' म्हणायचो.

त्यांना ते ठाऊक होतं. "भित्राच हाय मी. ज्याचं भ्या गेलं, त्याच्या मागं मी बसत न्हाई," ते सांगायचे. रांजणगावच्या एका इंजिनिअरनं "मला काहीच वाटत नाही" म्हटल्यावर त्याला त्यांनी खरोखरच खाली उतरवलं होतं.

त्या रविवारी मी मामांबरोबर निघाले, तेव्हा आभाळ मळकट होतं. दौंडजवळच्या माळावरून यंत्रानं ओढलेल्या दोरानं वर जायचं, एक फेरी मारून खाली यायचं, एवढीच अपेक्षा. पण दोर सुटला आणि ग्लायडर खाली यायलाच तयार होईना. घारी घिरट्या घालत होत्या तिकडं मामांनी वळवलं, तर कुणी खालून उचलावं तसे आम्ही वर गेलो. एका गरम झोतातून दुसऱ्यात. भीमा मागं पडली. इंजिन नाही, नुसती वाऱ्याची शीळ. लांबवर घोडनदी आणि तिच्या काठचं माझं शिरूर दिसलं, तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटला होता.

"असा दिवस लई वर्षांत मिळाला न्हाई," मागून कापरा आवाज आला.

मग ढगांनी ऊन झाकलं. आम्ही भराभर उतरू लागलो. "परत पोचत न्हाई आपण. उतरायला रान बघ," मामा म्हणाले. खाली निमोणे गावाजवळ बाजरी काढलेलं एक लांबट वावर होतं. जमीन अंगावर यायला लागली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "पोरी, तारा हायत का गं? मला दिसंनात."

"मामा, परीक्षा घेताय?"

"न्हाई. खरंच दिसंनात. सांग लवकर."

मी मान पुढं काढून पाहिलं. बांधावर दोन खांब होते, मधे आडवी तार. "समोर तार! डावीकडं घ्या, डावीकडं!"

पंख कलला. तार उजवीकडून सरकली. चाक ढेकळांवर आपटत गेलं आणि आम्ही थांबलो.

माणसं धावत आली. पाण्याची कळशी घेऊन आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "ह्याचा ड्रायव्हर कोण?"

"आज हीच," मामा म्हणाले. मग बांधावर बसून त्यांनी दौंडच्या मैदानावर फोन लावला. "उतरलो. पण मला तार दिसली न्हाई. आजपासनं मला कुणाच्या मागं बसवू नका." त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. मी तर बोलणार नव्हते.

पुढं मी पहिल्यांदा एकटी उडाले, तेव्हा ग्लायडर सुटताना पंखाचं टोक सावरून धरत धावायला तेच आले. मी उतरेपर्यंत ते खाली बसले नाहीत, असं बाकीच्यांनी सांगितलं. मी काच उघडून "मामा!" अशी हाक मारली, तेव्हा ते पाठमोरे, रुमालानं तोंड पुसत, फाटकाकडं चालत निघाले होते.