धुराड्याचा खोकला

मी संशयी बाई आहे. माहेरी नव्हते, नवऱ्याला किडनी बसवल्यावर झाले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. किडनी सासूबाईंनी दिली. ऑपरेशन अहमदाबादेत झालं आणि आम्ही सुरतला, बमरोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत परत आलो. निघताना डॉक्टर मला म्हणाले, "शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून औषधांनी यांची ताकद आम्ही मुद्दाम कमी ठेवलीय. दुसऱ्याला साधा वाटणारा आजार यांच्या जिवावर येईल. पहारा आता तुम्ही करायचा."

मग केला पहारा. नळाचं पाणी, शेजारणीचं लोणचं, देवाचा अंगारा, सगळ्यावर माझा संशय. खानदेशातून पाहुणे जीप भरभरून यायचे. आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर आमच्यात जन्मभर बोल लागतो. मी त्यांना ओट्यावरच चहा पाजायची आणि खिडकीतून नवरा दाखवायची. "देवळातला देव आहे का गं तो?" एक मामेसासरे फणकारले. "देव नाही, पण दर्शन लांबूनच," मी म्हणाले. ते चहा अर्धा टाकून गेले. जाईनात का.

आणि एवढं करून खोकला घरातच होता. बमरोलीत खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. मिलची धुराडी दिवसभर काजळी ओकतात, सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी करडं होतं. जो तो खोकतो आणि जो तो म्हणतो, धुराड्याचा आहे. सासूबाईही खोकायच्या आणि तेच म्हणायच्या. एके दिवशी त्या पीठ मळत होत्या, तेव्हा त्यांची बांगडी पार कोपरापर्यंत सरकलेली दिसली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तशी माझी गत. गल्लीत खोकत सगळेच होते, पण असं वाळत कुणी नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तर ते भडकलेच. "तिनं मला दोनदा जन्म दिला आणि तू तिची थुंकी तपासायला निघालीस? डोकं फिरलंय तुझं."

फिरलं असेल. जिने पोट कापून दिलं तिच्यावर संशय घ्यायचा, माझाच मला राग येत होता. पण भीती रागाहून मोठी होती.

सासूबाईंना म्हटलं, "आत्या, दवाखान्यात चला." मला वाटलं होतं, आता शिव्या मिळणार. त्या मुकाट्याने पदर सावरून उठल्या. तेव्हा माझा संशय आणखीच वाढला. रिक्षात त्यांनी कबूल केलं. खोकताना रक्त पडत होतं, बऱ्याच दिवसांपासून. त्या गुपचूप पदर धुऊन टाकायच्या.

"मग बोलल्या का नाहीत?"

"मनी किडनी खराब निंघनी म्हनतीन," त्या खाली बघत म्हणाल्या. "मना पोरना पोटमाईन काढी टाकतीन."

स्वतःच्या जिवाची नाही, पोराच्या पोटातल्या त्या किडनीची भीती होती त्यांना.

टीबी निघाला. किडनी कुणी काढणार नव्हतं, डॉक्टरांनी त्यांना तसं दोनदा सांगितलं. नवऱ्याच्या छातीचा फोटो साफ आला. पण सासूबाईंची थुंकी साफ येईपर्यंत मायलेकांनी एका छताखाली राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नणंद सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायची, सासूबाई तिच्याकडे निघाल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माले बी घरमा येऊ देऊ नको. मी रडनू तरी दार उघाडू नको."

एका दुपारी कडी वाजली. "मी शे," बाहेरून आवाज आला, अगदी हळू. डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नव्हतं. मी दाराला तोंड लावून म्हणाले, "आत्या, अजून नाही." त्या रडायला लागल्या, पदर तोंडात धरून, आत ऐकू जाऊ नये म्हणून. दार उघडलं असतं तर नवऱ्याने धावत जाऊन त्यांना मिठी मारली असती. मी कडीवरचा हात काढला नाही.

"कोण आहे गं?" नवऱ्याने ताटावरून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले.