गाडी नाणेघाटात होती

आमच्या संस्थेचं ऑफिस घोडेगावात, दोन खोल्यांचं. विषमता हा शब्द तिथं आम्ही औषधासारखा घेतो, जेवणाआधी आणि जेवणानंतर. देशादेशांतली, गावागावांतली, बाईपुरुषांतली. मी आळ्याच्या बागायतदाराची मुलगी, इंग्रजी शाळेत घातलेली. बँकेत लागेल असं घरच्यांना वाटायचं; लागले ती डोंगरातल्या वाड्यांच्या कामाला. इंग्रजी वाया गेलं नाही म्हणा, परदेशी पाहुणे आले की दुभाषी मीच असते.

संस्थेकडे जीप एकच. आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीत बैठक घेऊन मी छाती फुगवून सांगितलं होतं की अडलेल्या बाळंतिणीसाठी ही जीप केव्हाही येईल, फक्त फोन करा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बचत गट चालवणारी मावशी तेवढी म्हणाली, "फोनला रेंज कुठं हाय ताई? त्या खडकावर चढावं लागतं. पर चढू आमी."

या मावशीकडे मी आठ वर्षं जात होते. हिरडा वेचायच्या दिवसांत मुक्काम तिच्याच घरी. नाचणीची भाकरी वाढताना ती मला चिडवायची, "बागायतदाराच्या लेकी, तोंड वाकडं करू नगं." तिची एकुलती लेक वारूळवाडीला दिलेली होती, नवऱ्याबरोबर द्राक्षबागेत कामाला जायची. तिथून दवाखाना हाकेच्या अंतरावर. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मावशीने तिला सातव्या महिन्यात वाडीवर आणली. यात तिचं काय चुकलं? माझंही पहिलं बाळंतपण माहेरीच झालं. फरक एवढाच की माझ्या माहेरी दाराशी भावाची गाडी उभी होती.

त्या भाद्रपदात आम्हाला निधी देणाऱ्या परदेशी संस्थेची एक बाई आली होती. भली बाई. दोन दिवस वाड्या हिंडली, जमिनीवर बसून जेवली, वहीत सगळं लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने भीतभीत विचारलं, नाणेघाट फार लांब आहे का? लांबच होता, पार जुन्नरच्या पलीकडे. मी म्हटलं, त्यात काय, जाऊन या. जीप मीच दिली आणि अहवाल लिहीत ऑफिसात बसले.

बाराच्या सुमारास मावशीचा फोन आला. "ताई, पोरीला पहाटेपसनं कळा येत्यात. आता पानी बी गेलं. गाडी धाड."

"पाठवते मावशी," मी म्हटलं.

गाडी नाही, असं म्हणायला जीभ रेटेना. त्या मिनिटाला खरं सांगितलं असतं, तर वाडीतले लोक तसेच झोळी करून निघाले असते. मी ड्रायव्हरला फोन लावत राहिले. नाणेघाटात रेंज नव्हती. सरकारी दवाखान्याची गाडी दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन पुण्याला गेलेली. मावशी आणखी दोनदा खडकावर चढली आणि दोन्ही वेळा मी सांगितलं, निघालीच आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शाळेत या म्हणीचा वाक्यात उपयोग करून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. भाड्याची गाडी मिळाली तेव्हा दोन वाजून गेले होते.

वाडीवर त्यांनी दोन तास माझ्या शब्दावर वाट पाहिली. मग घोंगडीच्या झोळीत घालून पोरीला डांबरी रस्त्याकडे काढली. मी पोचले तेव्हा झोळी रस्त्याच्या कडेला टेकवलेली होती. पोरगी गेली होती, पोटातलं बाळही. मावशी पदराने तिच्या पायांचा चिखल पुसत होती. मला पाहून म्हणाली, "आलीस व्हय. बस."

मी बसले. तिथंच सांगायचं होतं मला. मग तेराव्याला सांगू म्हटलं, मग दिवाळीनंतर. पाहुणी त्याच संध्याकाळी पुण्याला निघून गेली, तिलाही काही कळवलं नाही.

पुढच्या वर्षी तीच पाहुणी परत आली. वाडीच्या समाजमंदिरात बायकांची बैठक होती. मावशी उठून उभी राहिली.

"सांग ताई त्यान्ला. पयलं बाळातपण म्हून मीच पोरीला हिकडं आनली. तिकडं ऱ्हायली असती तर जगली असती. आन संस्थेची गाडी त्या दिशी का आली न्हाई, ते मला अजून कळलं न्हाई. वाटंत बंद पडली व्हती का? एक गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, एवढंच मागनं हाय."

मी इंग्रजीत सांगितलं: हिची मुलगी बाळंतपणात गेली, गाडी वेळेवर पोचली नाही, वाडीत कायमची एक गाडी हवी. खोटं काहीच नव्हतं. मावशीचा प्रश्न तेवढा मी गाळला. पण पाहुणीने नेमकं तेच विचारलं, गाडी का पोचली नाही? दोघी एकच विचारत होत्या आणि त्या बैठकीत उत्तर मला एकटीला माहीत होतं. पाहुणीला मी म्हटलं, रस्ता लांबचा आहे. मावशीला म्हटलं, हो, बंद पडली होती. संस्थेचं नाव, पुढचा निधी, अशी कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. खरं तर मावशीच्या घरी मला पुन्हा कधी भाकरी वाढली जाणार नाही, ही एकच भीती होती.

पाहुणी रडायला लागली. उठून तिने मावशीचे दोन्ही हात धरले. मावशी आधी गोंधळली, मग आपल्या पदराने तिचे डोळे पुसू लागली.

"रडू नगं म्हनावं बाईला," ती मला म्हणाली. "तिचा काय दोष? मीच आनली पोरीला."

हे मात्र मी एकही शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं.